सात वर्ध्यांएवढा देश

आज संध्याकाळी दिवेलागण झाली की घरातल्या शाळकरी पोराकडून भूगोलाचे पुस्तक मागून घ्या आणि युरोपचा नकाशा काढा. जर्मनीच्या डोक्यावर समुद्रात घुसलेली जमिनीची एक पट्टी दिसेल. तिच्या उजव्या अंगाला लहानमोठ्या बेटांचा सडा पडलेला असेल. हा डेन्मार्क. नकाशावर तो तुरीच्या दाण्याएवढाच दिसतो. ग्रीनलंडचे मोठे बर्फाळ बेटही त्याच राज्याचा भाग आहे. पण ते बाजूला ठेवले, तर डेन्मार्कचे क्षेत्रफळ सुमारे ४३ हजार चौरस किलोमीटर भरते. आपला वर्धा जिल्हा ६,३१० चौरस किलोमीटरांचा आहे. म्हणजे सात वर्धा जिल्हे शेजारीशेजारी मांडले की डेन्मार्क झाला. सबंध विदर्भात असे दोन डेन्मार्क मावतील आणि वर थोडी जागा उरेल.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा मुलखाची गोष्ट आम्हा कास्तकारांना कशासाठी? कारण ही गोष्ट कास्तकारांचीच आहे. एका पिकाचा भाव पडला, देश बुडायची वेळ आली आणि तिथल्या शेतकऱ्याने गोठ्याच्या आधाराने घर पुन्हा उभे केले. कपाशी आणि सोयाबीनच्या भावाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या घरांना यातले बरेच ओळखीचे वाटेल.

डोंगर नाही, पण वारा फार

डेन्मार्क अगदी सपाट आहे. तिथली सर्वांत उंच नैसर्गिक जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम १७१ मीटर. आपले वर्धा शहर सव्वादोनशे मीटरहून उंचावर आहे. म्हणजे वर्ध्याच्या बाजारात उभा असलेला माणूस डेन्मार्कच्या शिखरावरल्या माणसापेक्षाही उंचावर असतो! मग कारंजा-आष्टीकडचे आपले डोंगर तर त्यांना हिमालयच वाटायचे.

समुद्र मात्र त्यांच्या दाराशी आहे. देशात कुठेही उभे राहा, किनारा साधारण पन्नास किलोमीटरच्या आत असतो. त्यामुळे वारा बाराही महिने वाहतो. पाऊस आपल्यापेक्षा कमी, पण तो वर्षभर थोडाथोडा पडत राहतो. आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून आठ महिने तोंड लपवत नाही. देश फार उत्तरेला असल्यामुळे डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा आणि जूनमध्ये साडेसतरा तासांचा असतो. हिवाळ्यात गुरे बाहेर चरू शकत नाहीत. त्यांच्यासाठी उबदार गोठा आणि साठवलेला चारा लागतोच. ही अडचण लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

जमीन सगळीकडे सारखी नाही. पूर्वेकडच्या बेटांवरची माती चांगली आहे. पश्चिमेकडे, जटलंड नावाच्या त्या पट्टीत, एकेकाळी मैलोगणती वाळवंटी माळ होता. त्यावर खुरटी झुडपे सोडून काही उगवत नसे. लोकसंख्या आज साठ लाखांच्या आसपास आहे. वर्धा जिल्ह्याची २०११ च्या शिरगणतीत १३ लाख होती. म्हणजे दर चौरस किलोमीटरला माणसे त्यांच्यापेक्षा आपल्याकडेच जास्त आहेत.

गाव सोडायची बंदी

आज हा देश श्रीमंत आहे म्हणून तो पूर्वीपासून सुखी होता असे समजू नका. १७३३ साली तिथे असा कायदा झाला की शेतकऱ्याच्या पोराने जमीनदाराचा इलाखा सोडून जायचे नाही. जिथे जन्मला तिथेच वेठ करायची आणि जमीनदार सांगेल त्या पडीक वाडीत राहायचे. हे जोखड १७८८ साली उतरले. राजधानी कोपनहेगनमध्ये त्याची आठवण म्हणून उभारलेला दगडी स्तंभ आजही आहे. आपल्याकडे मालगुजारी कायद्याने गेली ती १९५१ साली. घरातल्या म्हाताऱ्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून मालगुजाराच्या वाड्याच्या गोष्टी ऐकल्या असतील. तेव्हा ही वेदना आपल्याला परकी नाही.

बंदी उठल्यावर हळूहळू कुळे जमिनीची मालक झाली. १८१४ साली सर्व मुलामुलींना सात वर्षांचे शिक्षण सक्तीचे झाले. १८४९ साली राज्यघटना आली. बायकांना मात्र देशाच्या निवडणुकीत मत मिळायला १९१५ साल उजाडले.

दोन फटके

मग आले १८६४ साल. प्रशिया आणि ऑस्ट्रिया या बलाढ्य राज्यांशी डेन्मार्कचे युद्ध झाले. डेन्मार्क हरला आणि राज्याचा सुमारे दोन पंचमांश मुलूख गमावून बसला. ज्याच्या दहा एकरांतले चार एकर शेजाऱ्याने बळकावले, त्या घराची जी गत, ती त्या देशाची झाली. (त्यातला उत्तरेकडचा एक तुकडा लोकांचे मत घेऊन १९२० साली परत मिळाला.)

त्याच सुमाराला आपल्याकडे काय चालले होते बघा. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा झाला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्याने तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, म्हणून हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली ते युद्ध थांबले आणि भाव कोसळला. १८६६ साली पालकवाडी गावाच्या जागी वर्धा शहर वसवले गेले. रेल्वे आली ती मुख्यतः कापूस वाहायला. आपला कापूस कच्चाच गेला आणि कापड होऊन परत आला.

१८६६ सालीच तिकडे एन्रिको डाल्गास नावाच्या अधिकाऱ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी जटलंडचा माळ लागवडीखाली आणण्यासाठी संस्था काढली. गेलेला मुलूख तलवारीने परत मिळत नसेल, तर घरातलीच पडीक जमीन जिंकू, असा विचार त्यामागे होता. वारा अडवायला झाडांच्या रांगा लावल्या, पाणी खेळवले, माती सुधारली. माळ हिरवा व्हायला पिढ्या लागल्या, पण झाला.

एवढ्यात दुसरा फटका बसला. १८७० नंतर आगगाड्या आणि आगबोटी वाढल्या. अमेरिका आणि रशियातले स्वस्त धान्य युरोपच्या बाजारात येऊन पडले. डेन्मार्कचा शेतकरी तोवर धान्य विकून जगत होता. भाव पार उतरले. पुष्कळ देशांनी बाहेरच्या धान्यावर जकात बसवून आपला भाव सांभाळला. डेन्मार्कने तो मार्ग धरला नाही. तिथला शेतकरी म्हणाला, धान्य स्वस्त आहे ना? मग ते विकायचे कशाला? ते विकत घेऊ, गाईला आणि डुकराला घालू, आणि लोणी व मांस विकू. शेजारचा इंग्लंड कारखान्यांचा देश. तिथल्या कामगाराच्या घरी रोज लोणी लागत होते.

येडिंगची डेअरी

पण लोणी विकायचे म्हणजे सोपे नव्हते. घरोघर लोणी निघे ते घरोघर वेगळे. एकाचे खारट, दुसऱ्याचे आंबूस. बड्या जमीनदारांच्या वाड्यातले लोणी एकसारखे, म्हणून त्याला चढा भाव. चार गाई असलेल्याचे लोणी व्यापारी पाडून मागे. आपल्या कापसाची प्रत जशी व्यापारी बोटाने चाचपून ठरवतो, तसेच तेही.

१८७८ च्या सुमारास दूध फिरवून साय वेगळी करणारे यंत्र निघाले. त्याला दूध भरपूर लागे. एकट्या लहान शेतकऱ्याला ते परवडणारे नव्हते. १८८२ साली पश्चिम जटलंडमधल्या येडिंग या खेड्यातल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःची डेअरी काढली. डेन्मार्कमधली ही पहिली सहकारी डेअरी. तिचे नियम वहीच्या एका पानावर मावतील एवढेच होते. घरी लागेल तेवढे दूध ठेवून बाकी सगळे डेअरीलाच द्यायचे. कुणी चार पैसे जास्त दिले म्हणून दुसरीकडे घालायचे नाही. साय काढलेले दूध घरी परत न्यायचे, ते वासरांना आणि डुकरांना. कर्ज सगळ्यांच्या जामिनावर काढायचे. नफा ज्याने जेवढे दूध घातले त्या प्रमाणात वाटायचा. आणि मत माणशी एक. पन्नास गाईंवाल्याला एक मत आणि दोन गाईंवाल्यालाही एकच. मते डोकी मोजून घ्यायची, ढोरे मोजून नव्हे, अशी म्हणच तिकडे पडली.

या एका नियमाने चमत्कार केला. जमीनदाराचे दूध आणि लहान कास्तकाराचे दूध एकाच टाकीत पडू लागले, त्याचे एकच लोणी निघू लागले आणि दोघांनाही एकच भाव मिळू लागला. १९०० सालापर्यंत अशा हजाराहून अधिक डेअऱ्या देशभर उभ्या राहिल्या. १८८७ साली जर्मनीने डेन्मार्कची जिवंत डुकरे घेणे बंद केले, तर त्याच वर्षी शेतकऱ्यांनी हॉर्सेन्स गावी सहकारी मांस कारखाना काढला आणि माल इंग्लंडकडे वळवला. १९०१ साली साऱ्या चांगल्या लोण्यासाठी ‘लूर’ या प्राचीन शिंगाचा एकच छाप ठरला. छाप पाहिला की इंग्लंडची गृहिणी डोळे मिटून घेऊ लागली.

लोणी घुसळणे हे पूर्वी घरच्या बायकांचे राज्य होते, हे इथे माय-भगिनींसाठी सांगायला हवे. हाने नीलसेन नावाची एक शेतकरीण एकोणिसाव्या शतकात देशोदेशी हिंडून चीज करायच्या रीती शिकून आली आणि आपल्या शेतावर चीज करून नावाजली. तिच्या शेताच्या नावावरूनच हावार्ती हे चीज जगभर ओळखले जाते. पण डेअरीत यंत्रे आली तसे हे काम, आणि त्याबरोबर हाती येणारा पैसा, बहुतेक पुरुषांकडे गेला. सहकाराचा हिशेब मांडताना ही बाजूही पाहिली पाहिजे. आपल्याकडे शेण काढणारी, चारा घालणारी, धार काढणारी घरची बाईच असते. मग दुधाच्या संस्थेत सभासद म्हणून नाव कुणाचे असते?

आधी शाळा, मग डेअरी

शेजाऱ्यावर विश्वास टाकायला हे शेतकरी शिकले कुठे? याचे उत्तर तिथल्या लोकशाळांत सापडते. ग्रुंटविग (१७८३ ते १८७२) नावाचा एक धर्मोपदेशक आणि कवी होता. त्याचे म्हणणे असे की शेतकऱ्याच्या तरुण मुलाला परकी भाषा आणि घोकंपट्टी नको. त्याला मातृभाषेत आपल्या देशाचा इतिहास, गाणी, कायदा आणि चर्चा हवी. परीक्षा नको, पदवी नको. या विचाराची पहिली शाळा १८४४ साली रोडिंग येथे निघाली. हिवाळ्यात शेतीची कामे थंडावली की तरुण पाच-सहा महिने तिथे येऊन राहत. उन्हाळ्यात मुलींचे वर्ग भरत. एकत्र जेवायचे, गायचे, वाद घालायचे. त्यातून बाहेर पडलेला गडी सभेत उभा राहून बोलायला भीत नसे आणि हिशेबाची वही मागायला लाजत नसे. पुढे डेअऱ्यांचे पुष्कळ चालक याच शाळांतून आले. आस्कोव्हच्या अशाच शाळेतल्या पाउल ला कूर या शिक्षकाने १८९१ साली पवनचक्कीवर वीज काढून दाखवली. आज डेन्मार्कची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यावर निघते. तिचे मूळ एका खेड्यातल्या शाळेत आहे.

वर्ध्याच्या माणसाला हे ऐकून सेवाग्राम आठवल्याशिवाय राहणार नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली आणि हाताला काम व डोक्याला विचार देणारी नई तालीम जन्मली. मगनवाडीत ग्रामोद्योगांचे प्रयोग चालले. स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ साली डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ आयोग बसला. ग्रामीण विद्यापीठांचा विचार करताना त्या आयोगाने डेन्मार्कच्या लोकशाळा आणि गांधीजींचे मूलोद्योगी शिक्षण ही दोन्ही उदाहरणे समोर ठेवली. दूर समुद्रातला तो देश आणि आपला सेवाग्रामचा रस्ता एकाच प्रकरणात भेटले, ते असे.

गाईची वही

गाईचाही आपल्याकडे वारसा आहे. कारंजा-आर्वीकडच्या नंद गवळ्यांनी जोपासलेली पांढरीशुभ्र, चपळ गवळाऊ गाय आपल्या भागाचे भूषण. हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचे सरकारी केंद्र आहे. १९४१ साली जमनालाल बजाजांनी बाकीची कामे बाजूला सारून गोसेवेला वाहून घेतले. दुर्दैवाने फेब्रुवारी १९४२ मध्ये ते गेले. त्या चळवळीतून उभे राहिलेले वर्ध्याचे गोरस भांडार आणि तिथला गोरसपाक कुणाला ठाऊक नाही? दूध जसेच्या तसे विकण्याऐवजी त्याचा टिकाऊ जिन्नस करून विकला की चार पैसे गावात राहतात, याचा तो आपल्याच घरचा दाखला.

डेन्मार्कची एक रीत मात्र आपण अजून मनावर घेतलेली नाही. १८९५ साली वायन या गावी शेतकऱ्यांनी गाईंच्या नोंदीची मंडळी काढली. त्यांनी एक माणूस नेमला. तो पाळीपाळीने प्रत्येक गोठ्यात जाई, प्रत्येक गाईचे दूध मोजी, त्यातली चरबी तपासी आणि खाल्लेला चारा लिहून ठेवी. वर्षअखेर कळे की कोणती गाय घराला पोसते आणि कोणत्या गाईला घर पोसते.

समजा, तुमच्या गोठ्यात दोन गाई आहेत. एक आठ लिटर दूध देते, तिचे सगळे कौतुक. पण ती सहा महिन्यांत आटते. म्हणजे १८० दिवसांचे १,४४० लिटर झाले. दुसरी पाचच लिटर देते, म्हणून तिला ढेप कमी. पण ती दहा महिने धार देते. ३०० दिवसांचे १,५०० लिटर झाले! वही नसली तर आपण चांगली गाय बाजारात नेतो आणि दुसरी घरी ठेवतो. डेन्मार्कने दुधाळ गाय केवळ नशिबाने मिळवली नाही. अशा वह्यांतून ती निवडत नेली.

नाण्याची दुसरी बाजू

आता उलटी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल परदेशाचे गोडवे गातात. डेन्मार्कच्या शेजारी इंग्लंडसारखे मोठे गिऱ्हाईक होते. आपल्याला ते नव्हते. त्यांच्याकडे पाऊस वर्षभर, आपल्याकडे कोरडवाहू वावरे आणि वैशाखात चाऱ्याची ओरड. त्यांच्या गावांत सामाजिक उतरंड होती, पण जातीच्या भिंती नव्हत्या. एका टाकीत सगळ्यांचे दूध ओतणे आपल्या काही गावांत पूर्वी किती अवघड होते, हे वडीलधाऱ्यांना विचारा.

आणि तिथेही सगळे जुने टिकले नाही. गावोगावच्या डेअऱ्या एकमेकींत विलीन होत गेल्या. २००० साली डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या शेतकऱ्यांच्या दोन मोठ्या संस्था मिळून आर्ला फूड्स ही प्रचंड सहकारी कंपनी झाली. मालक अजून शेतकरीच, पण गावातल्या डेअरीची चिमणी गेली. लहान शेते मोठ्यांनी विकत घेतली. डुकरे माणसांपेक्षा जास्त झाली. खतामुळे आणि मलमूत्रामुळे खाड्यांचे पाणी बिघडले. म्हणून २०२४ साली तिथे सरकार, शेतकरी आणि पर्यावरणवाद्यांत करार झाला. २०३० पासून गुरांमुळे होणाऱ्या वायूंवर कर बसणार आहे आणि बरीच शेतजमीन जंगलाला व पाणथळीला परत दिली जाणार आहे. जो माळ आजोबांनी कष्टाने नांगरला, तशा जमिनीचा काही भाग नातवाला पुन्हा मोकळा सोडावा लागत आहे.

तरीही एक गोष्ट त्या समाजाच्या अंगात मुरली. म्हातारपणाच्या आधाराचा कायदा तिथे १८९१ सालीच झाला. आज लोक भारी कर भरतात आणि शिक्षण व दवाखाना सर्वांना मोफत मिळतो. आजारपणामुळे सावकाराच्या दारी जायची पाळी तिथल्या शेतकऱ्यावर येत नाही. आपल्या जिल्ह्यात किती घरांची वावरे एका ऑपरेशनपायी गहाण पडली, ते तुम्हीच आठवा. कर्जापायी ज्या घरांतला कर्ता माणूस गेला, त्या घरांना तर हे सांगायलाच नको.

आपल्या पारावर

आपल्याला डेन्मार्क व्हायचे नाही. तसे होताही येणार नाही. पण येत्या रविवारी पारावर चार माणसे आणि चार बाया बसल्या, तर तीन गोष्टींवर बोलता येईल. आपल्या गावातून कोणकोणता माल कच्चा जातो? कापूस, तूर, सोयाबीन, संत्री, दूध, सगळे मोजा. तो माल तोलणारा आणि त्याची प्रत ठरवणारा कोण आहे? आणि आपल्या संस्थेत, असलीच तर, दोन गाईंवालीच्या मताला पन्नास एकरवाल्याच्या मताएवढी किंमत आहे का?

उत्तरे लगेच मिळणार नाहीत. येडिंगच्या डेअरीआधी त्या देशात अडतीस वर्षे लोकशाळा चालल्या होत्या, हे विसरू नका. तोवर एक काम मात्र उद्यापासून होईल. पोराच्या दप्तरातली एक कोरी वही मागून घ्या. पहिल्या पानावर गाईचे नाव लिहा, खाली तारीख, सकाळचे दूध, संध्याकाळचे दूध आणि घातलेली ढेप. लिहायचे काम घरातल्या मुलीला सांगा. पुढल्या पोळ्याला ती वही उघडून बसा. गोठ्यातली कोणती गाय घर चालवते, ते त्या दिवशी साऱ्या घराला कळेल.